आगवाल्याची नली

कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहतो म्हटलं, की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारतो. 'म्हणजे ते अतिरेकी उतरले तिथंच का?' हा पहिला. आमचं नाव कळलं की मग दुसरा, 'कोळ्यांच्या वस्तीत तुम्ही मुसलमान कसे?'

पहिल्याचं उत्तर 'हो' असं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते दहा जण रबरी होडीतून आमच्याच किनाऱ्याला लागले. तेव्हापासून आमच्या वस्तीची ओळख तेवढीच उरली. दुसऱ्याचं उत्तर साधं आहे. अब्बा मुरूडकडचे. बोटीवर खलाशी म्हणून मुंबईत आले, पुढे तांडेल झाले, आणि जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर त्यांनी एक खोली घेतली. शेजारी कोळी आहेत, तेलुगू आहेत, बिहारी आहेत. एका बाजूला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा, दुसऱ्या बाजूला बांबूंच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत उर्दूतून शिकवतो आणि मनातलं काही लिहायचं झालं की मराठीकडे वळतो. बी.एड. झाल्यापासून उर्दू माध्यमाच्या शाळेत आहोत, त्यालाही आता बारा वर्षं झाली.

या लेखातली गोष्ट जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. बाहेर पाऊस, वर्गात सहावीची मुलं. आम्ही हजरत बिलाल (रजि.) यांची गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ती सांगताना आमचा आवाज भरून येतो. मक्केतला गुलाम, तापलेल्या वाळूवर पाठ, छातीवर दगड, तरी इमान सोडलं नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना सोडवलं. आणि पुढे इस्लामची पहिली अजान देण्याचा मान याच हबशी माणसाला मिळाला. मुलं गप्प बसून ऐकत होती. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचे आईवडील ससून डॉकला कोळंबी सोलायला जातात. रंग काळाभोर, केस कुरळे. त्याने हात वर केला आणि विचारलं, "सर, हजरत बिलालना पण वर्गात हबशी म्हणून चिडवायचे का?"

वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण प्रश्न कुणाला आहे हे आम्हाला कळलं होतं. त्या मुलाला वर्गातली पोरं हबशी म्हणत होती, हे खरंच. पण आठवड्यापूर्वी हजेरी घेताना 'आज आपला हबशी कुठाय?' असं विचारणारे आम्हीच होतो. लाडाने विचारलं, असं आम्ही तेव्हा स्वतःला समजावलं होतं. ज्या शब्दाने मशिदीत आमचे डोळे भरून येतात, त्याच शब्दाने आम्ही एका लेकराला वर्गात हलकं करत होतो.

त्या दिवशी त्याला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. आमच्या मुलांना आफ्रिकेबद्दल काय ठाऊक आहे? भूगोलातलं सहारा वाळवंट. चित्रपटातले भाला घेतलेले नरभक्षक. इतिहासात जंजिऱ्याचा सिद्दी, तोही फक्त शिवाजी महाराजांचा वैरी म्हणून. आणि हजरत बिलाल. या चौघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. बी.एड.ला शिकलो होतो की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं. आमच्या मुलांना ज्ञात काय? समुद्र. मग समुद्रापासूनच सुरुवात करायची ठरवली. वर्षभराचा एक प्रकल्प हाती घेतला, 'समुद्रापलीकडचे शेजारी'.

आधी स्वतः वाचायला बसलो. जे वाचलं त्याने आम्हीच चकित झालो. मोसमी वाऱ्यांवर शिडं उभारून पूर्व आफ्रिका, अरबस्तान, गुजरात आणि कोकण यांच्यामध्ये शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती. त्यांतून हस्तिदंत आलं, तसे हबशी सैनिक, खलाशी आणि विकत घेतलेले गुलामही आले. त्यांतला एक १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू. बाजारांमागून बाजारांत विकला जात तो दख्खनेत पोहोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला घेतलं, तोही मूळचा हबशीच. हा चापू म्हणजे मलिक अंबर. त्याने १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. खुलदाबादला त्याची कबर आहे.

मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते एक चित्र. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतो आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं कापलेलं शीर. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने हे १६१६ च्या सुमारास काढलं. मूळ चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. आम्ही त्याची छापील प्रत वर्गात नेली आणि सांगितलं की हे कधी घडलंच नाही. जहांगिराला मलिक अंबरला कायमचं संपवता आलं नाही. तो १६२६ मध्ये म्हातारपणी आपल्या मरणाने मेला. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, बादशहाने चित्रातच मारून घेतलं!" एखाद्या प्राध्यापकाला जमलं नसतं इतकं नेमकं त्या मुलाने सांगितलं.

दुसरं चित्र अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीच्या जाळीचं. दगडात कोरलेलं झाड, फांद्यांत गुंतलेल्या फांद्या. १५७२-७३ ची ही मशीद बांधवून घेणारा सिदी सय्यद हबशी होता. गुजरातच्या पोस्टकार्डांवर ही जाळी असते, पण तिच्यामागचा माणूस कुठून आला हे किती जण विचारतात?

सिद्दींचं आणखी एक सांगायला हवं. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात, मराठी-कोकणी मिसळलेली बोली बोलणारे सिद्दी राहतात. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला ते कवंदी म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी घालून 'फुलं' लावतात. फुलं नसली तर गोधडी उघडी वाटते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मुलींनी शिवणाच्या तासाला तशी एक छोटी गोधडी केली, फुलांसकट.

पण या सगळ्यात जीव आला तो ढोलाने.

गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यात रतनपूर नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. हे पीर आफ्रिकेतून आले अशी श्रद्धा. त्यांच्या बहिणीचं नाव माई मिसरा, भावाचं बावा हबश. गुजरातचे सिद्दी फकीर तिथे आणि इतर ठिकाणी जो नाच करतात त्याला धमाल म्हणतात, आणि गोमा असंही म्हणतात. हा 'गोमा' शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीतल्या 'न्गोमा'चाच भाऊ. न्गोमा म्हणजे ढोल. न्गोमा म्हणजे नाचही. आणि ज्या मेळ्यात हे दोन्ही होतं तो मेळाही न्गोमाच. आम्ही शाळेत संगीताचा तास वेगळा, चित्रकलेचा वेगळा, कवायतीचा वेगळा ठेवतो. तिथे सगळ्याला मिळून एकच शब्द आहे. घानाचे मोठे संगीत-अभ्यासक क्वाबेना न्केतिया यांचं 'द म्युझिक ऑफ आफ्रिका' हे पुस्तक १९७४ मध्ये आलं. तिथलं संगीत माणसांच्या कामापासून, बारशा-मयतापासून आणि इबादतीपासून वेगळं काढून कळत नाही, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. आपल्याकडे नझीर अली जैरजभॉय आणि एमी कॅटलिन-जैरजभॉय या अभ्यासक जोडप्याने गुजरातच्या सिद्दींमध्ये वर्षानुवर्षं फिरून त्यांचं गाणं-वाजवणं ध्वनिमुद्रित केलं. २००४ मध्ये एमी कॅटलिन आणि एडवर्ड आल्पर्स यांनी संपादित केलेलं सिद्दींवरचं पुस्तकही निघालं.

त्यांची वाद्यं अशी. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा मोठा ढोल, दर्ग्यात त्याला फार मान. मुसिंडो हा गळ्यात अडकवून वाजवायचा ढोल. माई मिसराच्या नावाचा, नारळाच्या करवंटीचा खुळखुळा. आणि मलुंगा, एका तारेचं धनुष्य. बांबूला तार ताणलेली, खाली सुका भोपळा, बारीक काठीने तारेवर टोले. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वंशजांकडे असंच धनुष्य आहे, त्याला बेरिंबाव म्हणतात. एक वाद्य पश्चिमेला गेलं, त्याचं भावंड पूर्वेला आलं. दोघांनाही नेणारा गुलामांचा व्यापार.

मुलांना मलुंगा करायचाच होता. भोपळा मिळेना. जेट्टीवरून बांबू आणला, पोलादी तार आणली आणि भोपळ्याच्या जागी करवंटी बांधली. आवाज बारीक आला, पण आला.

मग ठेक्याची पाळी. आफ्रिकेतल्या पुष्कळ ढोलवादनाचं एक तत्त्व असं की एकाच वेळात दोन वेगळी मोजणी चालते. एक जण दोन मोजतो, दुसरा तीन. वर्गाचे दोन भाग केले. डावीकडच्यांनी सहा मात्रांत दोन टाळ्या वाजवायच्या, उजवीकडच्यांनी तेवढ्याच वेळात तीन. फळ्यावर लिहिलं, दोन आणि तीनचा लसावि सहा. गणिताचा लसावि कधी कुणाला ऐकू आला असेल असं वाटत नाही, आमच्या सहावीला आला. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. एका बाजूची मुलं दुसऱ्या बाजूच्या टाळीत वाहून जायची. मागच्या बाकावरच्या मुलाला तीनमध्ये उभं केलं. तो शेवटपर्यंत हलला नाही. आमच्या वस्तीतल्या कोळी मुलांना मजा वाटली, कारण कोळीगीतांचा ठेकाही सहा मात्रांचाच. ती म्हणाली, "सर, ही तर आपली नारळी पुनवेचीच टाळी, फक्त मध्ये एक फिरकी आहे."

एका संध्याकाळी घरी बसून मोबाइलवर जांबूरच्या सिद्दींची धमाल पाहत होतो. जांबूर हे गीरच्या जंगलाजवळचं सिद्दींचं गाव. मोरपिसांचे मुकुट, कमरेला कवड्यांचे पट्टे, ढोल हळूहळू चढत जातो, आणि एक नाचणारा नारळ उंच उडवून डोक्यावर फोडतो. नानी खाटेवर पडून होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, कानाने कमी ऐकणारी. आम्हाला वाटलं झोपली. इतक्यात टाळीचा आवाज आला. नानी पडल्या पडल्या टाळी वाजवत होती. आणि ती टाळी ढोलावर पडत नव्हती, ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडत होती. वर्गात तीन आठवडे घोटून जे मुलांना जमलं नव्हतं ते.

"नानी, ये तू कहां सीखी?"

"हमारे बाप के मोहल्ले में. डोंगरी में. जहाज आया के रात भर यही चलता था."

अम्मा आत भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. "अम्मे, चूप बैस," ती आईला म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "बंद करा तो मोबाइल."

नानीच्या माहेराबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. ती मुंबईची, एवढंच सांगितलं जाई. त्या रात्री अम्मा झोपल्यावर नानीने आम्हाला जवळ बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तिचे वडील सिद्दी होते. डोंगरीच्या सिद्दी मोहल्ल्यात राहायचे, आगबोटीवर आगवाला म्हणून काम करायचे. आगवाला म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून भट्टीत कोळसा ढकलणारा. ते काम सिद्दींनाच देत, कारण त्यांना उष्णता बाधत नाही असं गोऱ्या साहेबांचं मत. "बाधत नव्हती म्हणे," नानी म्हणाली, "चाळिसाव्या वर्षी छातीने मेला माझा बाप." वडिलांना लोक जंगबारी म्हणत. त्यांचे वडील जंगबारहून आले की त्याआधीचे कुणी, हे तिला ठाऊक नव्हतं. तिची आई कोकणी होती. पुढे नानीचं लग्न मुरूडकडे झालं आणि सासरी तिने माहेराचं नाव घेणं सोडलं.

'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या १९१२ सालच्या पुस्तकात मुंबईच्या सिद्दींवर एक प्रकरण आहे. लेखक एस. एम. एडवर्ड्स हा गोरा पोलीस अधिकारी. बोटींवर राबणाऱ्या या माणसांचा नाच त्याने कुतूहलाने लिहून ठेवला. आम्ही ते वाचलं होतं आणि मुलांसाठी टिपणही काढलं होतं. तेव्हा कुठे ठाऊक होतं की आमची नानी त्या मोहल्ल्यातली पोर!

नानीने पलंगाखालच्या पेटीकडे बोट दाखवलं. तळाशी दुपट्ट्यात गुंडाळलेली वडिलांची नली होती. नली म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. कोकणातल्या कुठल्याही खलाशाच्या घरी ती कुराणशरीफखालोखाल जपून ठेवलेली असते. आतला फोटो पिवळा पडला होता. काळाभोर, रुंद चेहऱ्याचा, कुरळ्या केसांचा माणूस कॅमेऱ्याकडे सरळ पाहत होता. त्या चेहऱ्यात आम्हाला अम्माचं कपाळ दिसलं. आणि खोटं कशाला बोलू, मागच्या बाकावरचा तो मुलगाही दिसला.

अम्माचं भय समजण्यासारखं होतं. धाकट्या बहिणीचं बघत होतो. आपल्या कोकणी जमातीत आपण अरब व्यापाऱ्यांचे वंशज, हे मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. समुद्रातून आलेल्या अरबाचा आम्हाला अभिमान. त्याच गलबतातून, बहुधा त्याच अरबाने आणलेल्या हबशाचं मात्र नाव नको. अम्मा म्हणाली, "मुलीचं होऊन जाऊ दे, मग काय ते कर." आम्ही मान डोलावली.

दिवाळीच्या सुटीत आम्ही रतनपूरला जाऊन आलो. नानीला टेकडी झेपली नसती, तिने दर्ग्यात चढवायला पैसे दिले. त्या टेकड्यांमध्ये अकीक सापडतो. तो तापवला की लाल होतो, आणि खंबायतेत त्याचे मणी घडतात. हे मणी शेकडो वर्षं पूर्व आफ्रिकेला जात होते. इथला दगड तिकडच्या गळ्यात, तिकडचा पीर इथल्या टेकडीवर. एका म्हाताऱ्या सिद्दी बुवांनी मुगरमान दाखवला. त्याच्या कातडीवर हात ठेवू दिला. मग आमच्याकडे निरखून पाहत विचारलं, "सिद्दी हो?"

आम्ही म्हणालो, "नहीं बाबा. मेहमान हैं."

उतरताना मनात येत होतं की जंजिऱ्याचे सिद्दी नवाब झाले. १९४८ पर्यंत त्यांचं संस्थान होतं. मुरूडला त्यांचा वाडा आहे, खोकरीला त्यांच्या दगडी कबरी आहेत. आम्ही मुरूडला लहानपणापासून जातो, पण असा ढोल तिथे कधी ऐकला नाही. तख्त मिळालं त्यांनी दरबारी रीत उचलली असावी. ढोल सांभाळला तो फकिरांनी आणि आगवाल्यांनी, ज्यांच्याकडे सांभाळायला दुसरं काही नव्हतं. आणि आमच्यासारखी मधली माणसं? आमच्याकडे ना तख्त आलं, ना ढोल राहिला. आमच्याकडे राहिली पेटीच्या तळाची नली.

शाळेत प्रदर्शन फेब्रुवारीत ठरलं. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की जांबूरच्या हिराबाई लोबी या सिद्दी बाईंना पद्मश्री जाहीर झाली. मुलांनी तो फोटो कापून दारावर लावला. शिक्षकांच्या खोलीत मात्र कुरबुर सुरू झाली. शाळेत ढोल? नाच? दर्ग्यातलं सोंग मुलांना कशाला शिकवता? एक सहकारी चांगल्या मनाने म्हणाले, "आफ्रिकेचं शिकवा, पण हे गैरइस्लामी कशाला?"

वाद घालायची आमची इच्छा नव्हती. गाण्या-वाजवण्याबद्दल उलेमांची मतं आम्हाला ठाऊक आहेत, त्यात आमच्यासारख्याने तोंड घालू नये. आम्ही फक्त बुखारीतल्या एका हदीसची आठवण करून दिली. ईदच्या दिवशी मस्जिदे-नबवीत हबशी आपल्या भाल्यांचा खेळ करत होते, आणि हुजूर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना तो मन भरेपर्यंत पाहू दिला. आणखी एक आठवण दिली. मक्केत जगणं अशक्य झालं तेव्हा, इ.स. ६१५ च्या सुमारास, पहिल्या मुसलमानांना ज्याने आसरा दिला तो नजाशी हबशांचाच बादशहा होता. मदिनेच्या आधी आपल्याला हबशाने दार उघडलं. सहकारी थोडा वेळ गप्प बसले. मग तडजोड झाली. नाच नाही, ढोल नाही. नकाशा, चित्रं, गोधडी, मलुंगा ठेवा आणि टाळ्यांचा कार्यक्रम करा.

कार्यक्रम चांगला झाला. पालक आले होते, कामावरून थेट आलेले, हाताला कोळंबीचा वास असलेले. दोन आणि तीनच्या टाळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू मागे उभ्या असलेल्या बायाही टाळ्या वाजवू लागल्या. त्या मुलाची आई हिराबाईंच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली होती. शेवटी आम्ही छोटंसं भाषण केलं. 'हबशी' हा शब्द शिवी नाही, तो आपल्या मुअज्जिनाचा, आपल्या आसरा देणाऱ्याचा, या मातीत शहरं वसवणाऱ्याचा शब्द आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या.

नली आम्ही नेली नव्हती. नानी म्हणाली होती, "ले जा, मेरे बाप को दिखा बच्चों को." अम्मा काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. पुढच्या रविवारी बहिणीला पाहायला माणसं यायची होती. आम्ही नली परत पेटीत ठेवली.

प्रदर्शन आवरताना तो मुलगा नकाशे गुंडाळायला थांबला होता. त्याने सहज विचारलं, "सर, तुमच्या घरात कोणी हबशी होतं का?"

त्याला काही संशय आला होता असं नाही. नवं शिकलेल्या शब्दाने पोर आपलं खेळत होतं. आम्ही म्हणालो, "नाही रे. आम्ही मुरूडचे."

तो 'अच्छा' म्हणाला आणि नकाशाला रबर लावू लागला. रतनपूरच्या टेकडीवरचं खोटं अनोळखी माणसापुढचं होतं. हे खोटं आम्ही वर्गात बोललो, भाषण करून झाल्यावर, त्याच मुलापुढे ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं.

बहिणीचं लग्न मे महिन्यात झालं. माणसं चांगली निघाली. नानीचं नाव-गाव त्यांनी विचारलंसुद्धा नाही. २०२४ च्या पावसाळ्यात नानी गेली. शेवटच्या दिवसांत ती कुणाला ओळखत नव्हती, पण बोटं खाटेच्या पाटीवर चालायची, दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधत. चाळिसावं झालं आणि अम्माने आपल्या हाताने पेटी उघडली. नली काढली, पदराने पुसली आणि आमच्यापुढे ठेवली. "लिही काय लिहायचं ते," म्हणाली. "नाव तेवढं घालू नको."

म्हणून इथे नाव नाही. अम्माला दिलेला शब्द पाळला आहे, आणि त्यात आमचाही थोडा भित्रेपणा आहे, तो लपवत नाही.

तो मुलगा आता नववीत आहे, दुसऱ्या शाळेत जातो. कधी कधी संध्याकाळी जेट्टीवर भेटतो, सलाम करतो. हा अंक हाती आला की त्याला नेऊन द्यायचा आहे. मराठी त्याला चांगली वाचता येते. त्याच्या प्रश्नाचं उत्तर देणं राहून गेलं होतं.

हो. होतं. आमच्या नानीचे वडील. आगबोटीवर आगवाले होते.